सर्पगंधेची कुळकथा

वनौषधींचा विषय निघाला की, आपल्या सुशिक्षित मंडळींत लगेच दोन तट पडतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, पूर्वजांना ठाऊक नव्हते असे औषध जगात नाही. पाश्चात्त्यांनी केले ते एवढेच की, आमचीच मुळे-पाने नेऊन ती बाटलीत भरून आम्हांसच विकली. दुसरा पक्ष आजीबाईच्या बटव्याकडे पाहून नाक मुरडतो आणि प्रयोगशाळेचा शिक्का नसलेली प्रत्येक मुळी भोंदूपणात काढतो. हे दोन्ही पक्ष किती अपुरे आहेत, ते एखाद्या वनस्पतीचा इतिहास नीट तपासला म्हणजे कळून येते. या कामी सर्पगंधेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून तिची कुळकथा येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सर्पगंधा हे कण्हेरीच्या कुळातले हातदीड हात उंचीचे झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत दमट रानांच्या सावलीत ते उगवते. औषध असते ते त्याच्या कडू मुळात. शास्त्रज्ञांनी त्याच्या वर्गास ‘राउवोल्फिया’ हे नाव दिले, ते सोळाव्या शतकातील राउवोल्फ या जर्मन वैद्यावरून. हा गृहस्थ १५७३ साली वनस्पती पाहण्यासाठी शाम व इराककडे निघाला होता. हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. नामकरणाचा मान कोणास मिळतो आणि ज्ञान कोणाचे असते, यांत पुष्कळदा अंतर पडते, त्याचा हा पहिला मासला.

आमच्या प्राचीन संहितांत सर्पगंधा हे नाव येते, परंतु मुख्यत्वे विषावरील आणि भूतबाधेवरील योगांत; शिवाय ती वनस्पती हीच काय, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. उन्मादावर व निद्रानाशावर या मुळाचा जो उपयोग पुढे जगास कळला, तो ग्रंथांपेक्षा लोकव्यवहारातच अधिक जिवंत राहिला होता. बिहारात तर तिचे नावच ‘पागल की दवा’ असे होते. पिसाळलेल्या मनास झोप आणणारी ही मुळी प्रथम कोणी ओळखली, त्याचे नाव इतिहासात नाही.

सन १९३१ हे या कथेतील महत्त्वाचे वर्ष. कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध प्रसिद्ध करून, हे मूळ उन्मादावर तसेच वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे सांगितले. सेन हे कविराज असून पाश्चात्त्य वैद्यकाचेही शिक्षण घेतलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्झमान सिद्दिकी या तरुण रसायनज्ञाने मुळातून पाच अल्कलॉइडे वेगळी केल्याचे जाहीर केले. हे कॉलेज हकीम अजमल खान यांनी उभारलेले. १९२१ साली त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले होते. देशी औषधांची आधुनिक रीतीने परीक्षा व्हावी, या हेतूने हकीमसाहेबांनीच सिद्दिकींस तेथे बोलाविले. १९२७ साली हकीमसाहेब निवर्तले. कृतज्ञ शिष्याने एका द्रव्यास ‘अजमलीन’ असे नाव देऊन गुरूचे स्मरण रसायनशास्त्रात कायम केले. हृदयाच्या ठोक्यांतील विशिष्ट दोष ओळखण्यासाठी अजमलीन आजही वापरले जाते.

पुढे १९३३ साली कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरविण्याचा गुण पडताळला. तरीही युरोप-अमेरिकेने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांनी ५० रोग्यांवरील आपले अनुभव मोजमापांसह १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. त्यांत नवे औषध नव्हते. नवे होते ते आकड्यांचे साक्षीपुरावे. ‘गुण येतो’ असे म्हणणे निराळे, आणि किती रोग्यांस, किती आला व किती काळ टिकला हे मांडणे निराळे. या दुसऱ्या प्रकारच्या बोलण्यासच परके कान उघडले.

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य काढले. १९५४ साली न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध केले. १९५७ साली वकील आणि क्लाइन या दोघांसही अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन सुस्त पडलेल्या सशांस ‘एल-डोपा’ टोचले, तेव्हा ते उठून हालचाल करू लागले. मेंदूतील ‘डोपामिन’चे महत्त्व यावरून उमगले आणि कंपवातावरील उपचाराची वाट दिसली, २००० साली कार्लसन यांस नोबेल पारितोषिक लाभले. रानातल्या मुळीने मेंदूच्या कोठाराची किल्लीच शास्त्रज्ञांच्या हाती दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण कथेची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. रेसर्पिन घेणाऱ्या काही रोग्यांस गाढ औदासीन्य येते, असे डॉक्टरांस आढळू लागले. या निष्कर्षाच्या खरेपणाविषयी पुढे शंका निघाल्या, तरी अधिक सोयीची औषधे मिळताच त्याचा वापर ओसरला. मन शांत करणारी वस्तू प्रमाण चुकले तर मनास बुडवूही शकते. म्हणून वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत घातक होय. मुळीच्या भुकटीत अनेक द्रव्ये कमीअधिक असतात. ती आपल्याच मनाने घेऊ नये, हे आम्ही वाचकांस आग्रहाने सांगतो.

हानी झाली ती झाडाचीही. मूळ खणावे तर झाड मरते. जगाची मागणी वाढली तशी रानोरानच्या सर्पगंधेची लूट झाली, आणि अखेर १९९० साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या यादीत तिचा समावेश करावा लागला.

या कथेवरून निर्णय काय करावा? आमच्या मते, लोकांच्या अनुभवाने प्रश्न योग्य विचारला, आणि परीक्षेने त्याचे उत्तर शोधले; दोहोंपैकी एकावाचून दुसरे पांगळे होते. परंपरेचा अभिमान बाळगणारांनी अजमल खान यांचा कित्ता गिरवावा. आपल्या मुळीस परीक्षेला बसविण्याचे धैर्य त्यांच्या अंगी होते. आणि परंपरेस हसणारांनी एवढे स्मरावे की, ज्या अनामिक वैदूने ही मुळी प्रथम उपटली, त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता. पण शेजारच्या माणसाचे दुःख निरखण्याची दृष्टी होती. त्या दृष्टीचे ऋण फेडावयाचे तर तिची रोपे रानात शिल्लक ठेवणे, हे पहिले कर्तव्य होय.