चहा प्यायलात का? हो की नाही?

मंडळी, पिंपळगाव बसवंत म्हटलं की लोकांना द्राक्षं, कांदा, टोमॅटो नाहीतर आग्रा रोडवरचा टोलनाका आठवतो. पण आमचा तालुका निफाड, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. शाळेत हे एका मार्कापुरतं पाठ असतं. त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मात्र पुस्तकात कोपऱ्यात जातो. आज त्याबद्दल.

तर झालं असं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींना बोलावणं होतं. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे तेव्हा धर्म बुडाला! कोणी प्यायले, कोणी यजमानांचा मान म्हणून कप नुसता हातात घेतला. पुढे गोपाळराव जोशींनी (हो, डॉ. आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. त्यात रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले.

आता आपल्या भाषेत बघा. प्रश्न बूलियन आहे. चहा घेतला, हो की नाही? एका बिटात मावणारं उत्तर. पण प्रकरण दीड-दोन वर्षं चाललं! टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. आणि १८९२ मध्ये खुद्द रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांचा पुढारी, रोज इतरांच्या साक्षी तोलणारा न्यायाधीश. चहात पाप नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी पाप झालं असं मानणारा विधी त्यांनी केला. सुधारक मंडळी भयंकर नाराज झाली.

का केलं असेल? भित्रे होते म्हणून? मला तसं वाटत नाही. बहिष्कार म्हणजे काय हे आधी समजून घेऊ. श्राद्धाला भटजी मिळत नाही. पंगतीला कोणी बसवत नाही. मुलींची लग्नं अडतात, लग्न झालेल्या लेकींना सासरचे माहेरी पाठवत नाहीत. म्हणजे कप उचलणारा एक, आणि शिक्षा अख्ख्या घराला. मोठ्या पगाराच्या माणसाचं निभतं, त्याच्याबरोबरच्या साध्या माणसाचं निभत नाही. रानड्यांनी हे प्रायश्चित्त स्वतःपेक्षा आपल्या मित्रांची अडचण बघून घेतलं, असं रमाबाई रानड्यांच्या आठवणींवरून दिसतं.

इथपर्यंत रानडे पटतात. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. याआधी १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस आता विधवेशी लग्न करील अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी बघितली आणि रानड्यांनी ते मोडलं नाही. तिथेही कारण घरच्यांचंच होतं. वडिलांचं मन राखलं गेलं, पण किंमत कोणी दिली? त्या अकरा वर्षांच्या मुलीने दिली, आणि जिचं लग्न होऊ शकलं असतं अशा कुठल्यातरी विधवेनेही. पुढे रानड्यांनी रमाबाईंना शिकवलं, त्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, हे खरंच. पण म्हणून हिशोब मिटत नाही.

मला वाटतं, खरं बोलणं अवघड असतं ते याच जागी. खरं काय हे बहुतेक वेळा माहीत असतं. पण त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटणार असतं. 'आईबाबांना त्रास होईल', 'टीमचं अप्रेझल बिघडेल', 'बहिणीचं लग्न व्हायचंय अजून'. यातलं एकही कारण खोटं नसतं! म्हणूनच ते इतकं सोयीचं पडतं. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दाखवणारा मॅनेजरही 'पोरांना कशाला टेन्शन' असंच म्हणतो, आणि महिन्याभराने तीच पोरं रात्री जागतात.

म्हणून मी आता दोन प्रश्न विचारतो. मी खरं बोललो तर कोणाला त्रास होईल? हा आपण सगळेच विचारतो. आणि नाही बोललो तर कोणाला? हा सहसा राहून जातो, कारण तो माणूस त्या खोलीत नसतो. १८७३ मध्ये त्या घरात मोठी माणसं बोलत होती. रमाबाईंना कोणी विचारलं नव्हतं. त्या पुढे स्वतः लिहित्या झाल्या म्हणून हे आपल्याला कळलं तरी.