शाहिराचा डफ आणि आठ मैल रस्ता

आपला बिग बीव्हर म्हणजे सोळा मैल रस्ता. तिथून आठ मैल दक्षिणेला गेले की एट माइल रोड. त्याच नावाचा एमिनेमचा चित्रपट २००२ साली आला. त्यात दोन रॅपर समोरासमोर उभे राहून यमकांनी एकमेकांची रेवडी उडवतात. मुलांनी तो आवडीने पाहिला, आई-वडिलांनी कानांवर हात ठेवले. मला मात्र कलगी-तुऱ्याचे फड आठवले. तिथेही असाच सवाल टाकायचा आणि जवाब मागायचा, रात्र रात्र!

कधी एका पिढीच्या कवनाला दुसरी पिढी जवाब देते. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवाची लावणी रचली. नंतर अण्णाभाऊ साठ्यांनी 'मुंबईची लावणी' लिहिली, तिच्यात मलबार हिल आहे तसे परळही आहे. हे अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले, वाटेगावहून मुंबईला पायी आलेले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. चाळींपुढचे मैदान हेच त्यांचे थिएटर. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि ती उठवली तीही संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. अण्णाभाऊंनी तमाशाचे 'लोकनाट्य' केले आणि डफ वाजतच राहिला.

सरकारची कात्री निदान दिसते. व्यवसायाची दिसत नाही. मुंबईच्या वस्त्यांतले रॅप २०१९ मध्ये 'गली बॉय'मुळे घरोघरी पोचले, हे चांगलेच झाले. पण त्यातले 'आझादी' हे गाणे जेएनयूमधल्या २०१६ च्या घोषणांवरून आलेले. पडद्यावर भूक आणि गरिबी राहिली, मनुवादाचा उल्लेख मात्र गळला. उलट राज मुंगासे आणि उमेश खाडे यांच्या मराठी रॅपमागे बडी कंपनी नव्हती. ती गाणी फोनवरूनच पसरली. २०२२ च्या सत्तांतरातल्या 'खोक्यां'वर मुंगासे बोलला, जनतेच्या हालांवर खाडे. एप्रिल २०२३ मध्ये दोघांवरही गुन्हे नोंदले गेले.

परदेशी वाढलेल्या मुलांचे काय? जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये १९९३ साली एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवले गेले, पाच मुली-बायका गेल्या. दोन वर्षांनी, मुख्यतः तुर्की कामगारांच्या मुलांच्या 'कार्टेल' या गटाने रॅपचा अल्बम काढला, तोही बहुतांशी तुर्कीत, घरी बोलायच्या भाषेत. तो थेट तुर्कस्तानात जाऊन गाजला.

ट्रॉयमधल्या कुणा पोराने मराठीत चार ओळी जुळवल्या, तर गणेशोत्सवात त्याला पाच मिनिटे द्यावीत. फक्त कमिटीने कागद आधी तपासायला मागू नये.