चांदीचं चार्म ब्रेसलेट : एकेक चार्म कसा जमवतात?

साखळीला छोटा बूट, बोट, घंटा, किल्ली अशी चांदीची लटकनं अडकवली की झालं चार्म ब्रेसलेट. आता तयार सेटही मिळतात, पण मूळ पद्धत प्रसंगाप्रसंगाने एकेक चार्म जमवण्याची.

ही पद्धत किती जुनी?
ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाला १८४० मध्ये पहिलं मूल झालं. तेव्हापासून प्रत्येक बाळामागे तिच्या सोन्याच्या ब्रेसलेटमध्ये हृदयाच्या आकाराचं एक लॉकेट वाढलं. एकूण नऊ, आणि प्रत्येकात त्या बाळाचे केस. पुढे चांदीमुळे हा छंद सामान्यांच्या आवाक्यात आला. १९५० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये वाढदिवस, लग्न, सहलीची आठवण म्हणून चार्म दिले जात.

जुना चार्म घेताना काय पाहाल?
ब्रिटिश चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा शिक्का म्हणजे ९२.५ टक्के शुद्धता. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅममध्ये झालेली तपासणी. मात्र तिथे ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही. त्यामुळे शिक्का नसलेला छोटा चार्म खोटाच असेल, असं नाही.

नवा बनवून घेताना?
टोकदार कोपरे टाळा, ते कपड्यांत अडकतात. कडी नुसती दाबून न बसवता सोनाराकडून झाळून घ्या. उघडी राहिलेली कडी सैल होते आणि चार्म कधी गळून पडला ते कळतही नाही.

जुनं ब्रेसलेट मोडीत द्यायचंय?
मोडीत फक्त वजनाचा भाव मिळतो. त्याआधी कोणता चार्म कशाचा, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. ती माहिती कुठल्याच शिक्क्यावर नसते.