आकुर्डीची वेस आणि मुंबईचा रस्ता

एखाद्या गावाचा इतिहास सांगायचा तर तो ग्रामदैवतापासून सुरू करावा, असा आपल्याकडचा जुना प्रघात आहे. आकुर्डीलाही दैवतांची वाण नाही. खंडोबाचा माळ आहे, विठोबाचे देऊळ आहे. परंतु या गावाचे विधिलिखित सटवाईने लिहिले नाही. ते रस्त्याने लिहिले. पुण्याहून मुंबईस निघालेला माणूस दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड मागे टाकून निगडीकडे जाताना जे गाव ओलांडतो ते आकुर्डी. हजारो लोकांनी ते ओलांडले, थांबले थोडेच. रस्त्याकाठच्या गावाचे हे दुःख म्हणा की दैव म्हणा, गेली दोनशे वर्षे आकुर्डीला सोडीत नाही.

त्या रस्त्याची मोठी तारीख १० नोव्हेंबर १८३०. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्या दिवशी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. तोवर घाटातून माल उतरायचा तो प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून. आता चाक कोकणात उतरू लागले, आणि देशावरचा कापूस-धान्य बंदराकडे वाहू लागले. त्या वाहतुकीच्या वाटेत जी जी खेडी आली त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि विचारण्याची रीतही नव्हती. पाठोपाठ आगगाडी आली. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. घाटातला तुकडा मात्र १८६३ पर्यंत पुरा व्हायचा होता, म्हणून मधली पाच वर्षे उतारूंना घाटापुरते डोली-पालखीत बसावे लागे. पुढे १९२९ साली हा मार्ग विजेवर चालू लागला आणि १९३० पासून दख्खनची राणी दिमाखात धावू लागली. आकुर्डीसाठी ती कधी थांबली नाही. पुढे आकुर्डी नावाचे स्टेशन झाले खरे, पण ते गावठाणापासून चांगलेच दूर! नवखा पाहुणा आकुर्डी स्टेशनावर उतरून आकुर्डी कुठे म्हणून विचारतो, आणि सांगणाऱ्याला हसू येते.

रस्ता असा परक्यांचा झाला तरी त्यावर गावाचा एक हक्क माल्कमसाहेबाच्या आधीपासूनचा आहे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून प्रस्थान, पहिली रात्र देहूतच इनामदार वाड्यात, आणि दुसरा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात. दुसऱ्या दिवशी पुणे. हजारो माणसांचा एक रात्रीचा निवारा, पाणी, भाकरी, बैलांना वैरण, हे सारे त्या लहानशा गावाने कसे निभावले असेल, याचा विचार केला म्हणजे नगररचना हा शब्द फार अलीकडचा वाटू लागतो. कोणत्या वाड्यात कोणती दिंडी उतरायची हे ठरवणारे लोक कोणत्याही खात्याचे अधिकारी नव्हते.

ग्रामपंचायतीच्या काळात मात्र गोष्ट निराळी झाली. १९५८ साली मुंबई ग्रामपंचायत अधिनियम आला. त्याने पंचायतीच्या पदरात कामे पुष्कळ टाकली: गावातले रस्ते, मोऱ्या, दिवाबत्ती, विहिरींची निगा, जन्ममृत्यूची नोंद. हाती पैसा दिला तो घरपट्टीचा आणि महसुलातल्या लहानशा वाट्याचा. आकुर्डीचे शिवार रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले. शेतात जाण्यासाठी, गुरे चारण्यासाठी मुंबईचा रस्ता ओलांडणे रोजचेच. पण १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारच्या ताब्यात गेले होते, आणि हा तर मुंबईहून पुणे-बंगलोरवरून मद्रासला जाणारा चौथ्या क्रमांकाचा महामार्ग! म्हणजे पाणंद पंचायतीची, पाणंदीतला चिखल पंचायतीचा, आणि पाणंद जिथे डांबराला भिडे तिथे पंचायतीचे राज्य संपे. पोर रस्ता कसे ओलांडेल, ही चिंता गावची. रस्त्याची मालकी दिल्लीची. स्थानिक स्वराज्य म्हणतात ते पुष्कळदा असे डांबराच्या काठापर्यंतच असते.

याच सुमारास कारखाने आले. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी तिथे पेनिसिलिन होऊ लागले. १९६२ च्या ऑगस्टात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पिंपरी-चिंचवड ते भोसरीपर्यंतच्या माळांवर खांब रोवले गेले. आकुर्डीच्या वाट्याला जे कारखाने आले ते जणू गावाची कुंडली पाहूनच आले: सगळे वाहनांचे! बजाज ऑटो आणि बजाज टेंपो. रस्त्याच्या गावात रस्त्यावर धावणारी यंत्रे होऊ लागली.

त्यांतल्या स्कूटरची कथा मोठी गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या पियाजिओ कंपनीचा विमानांचा कारखाना बाँबने उद्ध्वस्त झाला. विमाने करायची तर सोय राहिली नाही; म्हणून १९४६ साली तिथल्या विमानशिल्पी कोर्राडिनो दास्कानिओने एक स्वस्त दुचाकी काढली. तिचे नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. १९४८ साली तिला तिसरे चाक जोडून मालवाहू गाडी झाली, तिचे नाव आपे, म्हणजे मधमाशी. ही दोन्ही पाखरे भारतात बनवण्याचा परवाना बजाज कंपनीला १९५९ साली मिळाला. परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपली, आणि १९७२ पासून महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक बाहेर पडली. तिच्यासाठी लोक दहा दहा वर्षे नंबर लावून बसत. मुलीच्या जन्मावेळी नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात जावयाला मिळते, अशी थट्टा चाले. आणि ती ज्यांच्या हातून घडे ते कामगार? ते पहाटे पुण्यातून दहाएक मैल सायकल मारीत येत. भोंगा झाला की महामार्गाच्या कडेने सायकलींची रांग लागे, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून मालट्रक धडधडत जात. ज्या गावाने देशाला चाके दिली, तिथे कामावर वेळेवर पोहोचणे हीच रोजची मोहीम होती.

एवढा पसारा चार ग्रामपंचायतींच्या चावड्यांवरून आवरणार कसा? पिंपरी वाघेरे, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या चार गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर यांनी यात पुढाकार घेतला आणि तेच पहिले नगराध्यक्ष झाले. आकुर्डीची पंचायत त्या दिवशी संपली. तिच्यासाठी कुणी शोकसभा घेतली नाही, आणि घेण्याचे कारणही नव्हते असे मी म्हणेन. घरपट्टीच्या चिल्लरीतून जलवाहिन्या आणि उड्डाणपूल होत नसतात. नगरपालिकेला मात्र जकात मिळाली, आणि जकात म्हणजे पुन्हा रस्ताच! ज्या महामार्गावर पंचायतीला खडीची एक पाटी टाकता येत नव्हती, त्याच महामार्गावरून आत येणाऱ्या ट्रकांकडून नगरपालिका नाक्यावर पैसे वसूल करू लागली. कारखान्यांच्या कच्च्या मालावरची ही जकात एवढी की आशियातली सर्वांत श्रीमंत नगरपालिका असे लोक कौतुकाने म्हणू लागले. निगडीच्या नाक्याला जकात नाका हे नाव पडले, आणि २०१३ मध्ये जकात बंद झाली तरी ते लोकांच्या तोंडून गेले नाही.

पण पंचायतीबरोबर एक गोष्ट गेली, आणि तिची किंमत पुढे कळली. माणसाला आपले गाऱ्हाणे सांगायला चावडी होती. ती उरली नाही. दोनच वर्षांत तिची गरज पडली.

१९७२ च्या मार्चात पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कायदा १९६६ चा, प्रादेशिक व नगररचनेचा. कल्पना चांगली होती. कारखान्यातल्या कामगाराला कारखान्याजवळ परवडणारे घर मिळावे, रस्ते आधी आखावे आणि घरे मागून बांधावी, मोकळ्या जागा राखाव्या. ही नवनगरांची कल्पना विलायतेतली. तिथे १९४६ साली कायदा झाला आणि लंडनच्या उत्तरेचे स्टीव्हनेज हे पहिले नवनगर ठरले. तिथल्या जुन्या रहिवाशांना हे इतके झोंबले की, मंत्री लुइस सिल्किन भेटीस आले तेव्हा स्टेशनच्या पाटीवरचे गावाचे नाव झाकून लोकांनी तिथे ‘सिल्किनग्राड’ असे लिहून ठेवले! मंत्र्याच्या नावाला रशियन शेपूट. विलायती खेडुताचा संताप असा विनोदातून बाहेर पडला.

आमच्या शेतकऱ्याला पाट्या रंगवण्याची हौस नव्हती. आकुर्डी, निगडी, चिंचवड आणि आसपासच्या गावांच्या जमिनी संपादनाच्या नोटिशीत आल्या. ज्वारीबाजरीची रानं, विहिरी, बांधावरची झाडे यांना पेठ क्रमांक पडले. नकाशावर हे फार देखणे दिसते. प्रत्यक्षातही प्राधिकरणाचे रुंद रस्ते, झाडी आणि शिस्तीतले भूखंड पाहून बाहेरचा माणूस खूष होतो. ती शिस्त खरीच आहे, आणि दाटीवाटीने वाढलेल्या शेजारच्या वस्त्या पाहिल्या म्हणजे तिची योग्यता पटते. माझ्या वर्गातली मुले पत्ता सांगताना सेक्टर सत्तावीस असे झोकात सांगतात. त्या सत्ताविसाच्या जागी शेताचे नाव काय होते, हे त्यांच्यातल्या एखाद्याच्याच आजीला ठाऊक असते.

भरपाई मिळाली ती शेतीच्या भावाने. भूखंड विकले गेले ते शहराच्या भावाने. यातला फरक समजायला मोठे अर्थशास्त्र लागत नाही. याच काळात नव्या मुंबईसाठी ठाणे-कुलाब्याकडच्या आगऱ्या-कोळ्यांच्या जमिनी जात होत्या. तिथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व उभे राहिले. ते पुण्याकडे आले तेव्हा एक विचित्र रेघ ओढली गेली. १९८४ पासून ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना परतावा. १९७२ ते १९८३ मध्ये ज्यांनी दिल्या ते बाहेर. म्हणजे ज्यांनी सर्वांत आधी जमीन सोडली त्यांच्या हाती सर्वांत कमी! त्यांच्या अर्जांची पुडकी बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे गेली. २०२१ साली प्राधिकरणच विसर्जित होऊन काही भाग महापालिकेकडे आणि काही महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला, तेव्हाही हा हिशेब मिटला नव्हता. ज्याच्या दारात गाऱ्हाणे घेऊन जायचे ते दारच निघून गेले, अशी वेळ आकुर्डीवर ही दुसऱ्यांदा आली.

वाहतुकीची सोय सावकाश वाढत गेली. नगरपालिकेची स्वतःची बस १९७४ साली सुरू झाली. पुण्याची पीएमटी आणि आमची पीसीएमटी यांतला सवतीमत्सर २००७ मध्ये दोघींचे एकत्र लग्न लागेपर्यंत चालला. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल आली आणि कामगाराची सायकल घरी राहू लागली. १९८२ साली नगरपालिकेची महापालिका झाली. माणसे तर पुरासारखी आली. १९९१ च्या शिरगणतीत शहर पाच लाखांच्या वर होते, २०११ मध्ये सतरा लाखांच्या वर. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुंबईचे वेगवान वाहन देहूरोडच्या पुढून निराळ्या वाटेला लागले. आता तरी जुना रस्ता गावाचा होईल असे वाटले होते. झाले उलटेच. महापालिकेने तो दोन्ही बाजूंनी रुंद केला, मधून भुयारी वाटा काढल्या, आणि निगडी ते दापोडी बससाठी स्वतंत्र मार्गिका आखली. बसथांबा रस्त्याच्या मध्यात! तिथे म्हातारीने पोहोचावे कसे, हा प्रश्न थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला, सुरक्षिततेची तपासणी मुंबईच्या आयआयटीकडून झाली, आणि २०१८ मध्ये ती बस एकदाची धावली. पंचायतीच्या काळातला प्रश्न आणि हा प्रश्न यांत फरक एवढाच, की तेव्हा दोन पदरी रस्ता ओलांडायचा होता.

यंत्रांचीही पिढी बदलली. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातले वाहनांचे उत्पादन २००७ मध्ये थांबले, आणि २०२२ मध्ये त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना उभा राहिला. घोडा तोच, दाणावैरण निराळी.

पालखीचा मुक्काम मात्र चुकलेला नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पोलीस महामार्गाची वाहने दुसरीकडे वळवतात आणि टाळमृदंगाचा लोंढा रस्त्याच्या बरोबर मधून चालत येतो. एरवी ज्या रस्त्यावर पाऊल टाकायची छाती होत नाही तिथे त्या दिवशी बायका डोक्यावर तुळस घेऊन निवांत चालतात, पोरे मध्ये उभी राहून केळी आणि पाणी वाटतात. बससाठी काय, ट्रकसाठी काय, कुणासाठीच त्या दिवशी मार्गिका आखलेली नसते.

२०२२ च्या मार्चात मेट्रो महापालिका भवनापर्यंत आली. तेथून निगडीपर्यंतच्या वाढीव मार्गाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली, आणि मंजूर आराखड्यात चिंचवडनंतरच्या स्थानकाचे नाव आकुर्डी असे आहे. हे स्थानक जुन्या महामार्गावर, गावाच्या जवळ. म्हणजे पाहुण्याला पत्ता सांगताना आता आणखी एक वाक्य जोडावे लागणार: आकुर्डीला उतरा, पण आगगाडीच्या नव्हे.