वाफशाआधीचे टपाल

गावात बियाण्याची उसनवारी चालते तेव्हा तारीख कोणी ठरवत नाही. मृग लागायच्या आत बी हाती पडले पाहिजे आणि परतफेड खळ्यावर व्हायची, एवढे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. सवाई की दिढी यावर घासाघीस होईल. ‘कधी’ यावर होत नाही, ते आभाळानेच ठरवून दिलेले असते. शिवाय कणगीतले बी मापून देणारा घेणाऱ्याचे शेत बांधावरून पाहू शकतो. हीच देवघेव टपालाने होऊ लागली, एकमेकांचे तोंड न पाहिलेली माणसे तिच्यात आली, की पहिल्यांदा कागदावर तारीख उमटते: अमुक दिवसापर्यंत पाकिटे पोचावीत, नंतर आलेली वाटपात धरली जाणार नाहीत. बियाण्यांची सामूहिक अदलाबदल भरवणाऱ्याला या एका ओळीपायी बरीच बोलणी खावी लागतात. हौसेच्या कामात ही कसली सरकारी शिस्त, असे लोकांना वाटते. मला ती शिस्त संयोजकाची वाटत नाही. ती तारीख ज्याला सर्वांत आधी पेरायचे आहे त्याच्या वाफशापासून उलटी मोजत आणलेली असते, आणि गेल्या तीनशे वर्षांत टपालावरची बियाणे-देवघेव जिथे टिकली तिथे हे उलटे मोजणे कोणाला तरी जमलेले दिसते.

फिलाडेल्फिया ते लंडन ही अठराव्या शतकातली वाट पाहा. लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन आणि फिलाडेल्फियाजवळचा शेतकरी जॉन बार्ट्रम यांचा पत्रव्यवहार १७३० च्या दशकात सुरू झाला. तो कॉलिन्सनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७६८ पर्यंत चालला आणि तरीही दोघांची भेट एकदाही झाली नाही. अमेरिकेतल्या झाडाझुडपांचे बी बार्ट्रमने गोळा करून पेटीत भरायचे आणि कॉलिन्सनने ते इंग्लंडातल्या वर्गणीदार सरदार-जमीनदारांपर्यंत पोचवायचे, अशी ही व्यवस्था होती. शंभरेक प्रकारचे बी असलेली एक पेटी पाच गिनींना पडे. पैसे मोजले जात होते, तेव्हा याला निखळ अदलाबदल म्हणता येणार नाही. पण बदल्यात इंग्लंडातून बी, कंद आणि पुस्तकेही जात. बार्ट्रमचे वर्ष कसे बसवलेले होते ते पाहण्यासारखे आहे. बी पिकते सप्टेंबर ते नोव्हेंबरात. त्याच दिवसांत त्याची स्वतःची सुगी. ती उरकून रानोमाळ, डोंगरकपारी हिंडायचे, गोळा केलेले बी वाळवायचे, नावे घालायची, पेट्या बांधायच्या. इतक्यात डेलावेअर नदीत बर्फ धरू लागे आणि बंदरातून जहाजे निघणे अवघड होई. पुढे अटलांटिकवर दीड-दोन महिने, वारा पडला तर आणखी. इंग्लंडात वाफे तयार व्हायचे ते हिवाळा सरता सरता. म्हणजे पेरणीपासून उलटे मोजत आले की बार्ट्रमच्या हाती नदी गोठण्याआधीचे मोजके आठवडे उरत. त्याची शेवटची तारीख कॉलिन्सन ठरवत नव्हता. नदी ठरवत होती. १७४४ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटल्यावर जहाजे पकडली जाण्याची भीती वाढली, तेव्हा या हिशेबातली खरी जोखीम उघडी पडली. पेटी बुडाली तर पाच गिनी बुडत, पण ते दुय्यम. वर्ष बुडे, आणि ते कोणी भरून देऊ शकत नसे.

त्याच पेटीत आणखी एक अडचण असे. एका पेटीत शंभर प्रकारचे बी, म्हणजे शंभर वेगवेगळी आयुष्ये. काही बिया कोरड्या ठेवल्या की वर्षानुवर्षे जगतात. काहींना उगवण्याआधी एक हिवाळा ओलाव्यात काढावा लागतो. आणि ओकच्या फळासारखे बी वाळले की मेलेच. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. फणसाची आठळी किंवा आंब्याची कोय कोणी पुढच्या पावसाळ्यासाठी मडक्यात भरून ठेवत नाही. वाळवून टिकणारे बी आणि वाळले की मरणारे बी यांना वनस्पतिशास्त्राने वेगवेगळी नावे १९७३ मध्ये दिली, पण टपालाने आणि जहाजाने बी पाठवणाऱ्यांना हा फरक नुकसान सोसून आधीच कळला होता. १७७० साली लंडनच्या जॉन एलिसने दूरदेशीहून बी आणि रोपे जिवंत कशी आणावीत यावर एक पुस्तिका छापली. ओकची फळे मेणात बंद करून ठेवण्याचे प्रयोगही त्याने केले होते. चहाच्या बियांचे आयुष्य असेच तोकडे. १८५० च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्यूनने त्या चीनमधून हिंदुस्थानात पाठवताना काचेच्या बंद पेट्यांतल्या मातीतच पेरून टाकल्या. वाटेतल्या दिवसांत बी मरण्याऐवजी रुजत आले. रबराची गोष्ट तर घड्याळाशी शर्यतच होती. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया जहाजाने नेल्या, लिव्हरपूलहून त्या रातोरात लंडनच्या क्यू बागेत पोचल्या, लगोलग पेरल्याही गेल्या, आणि उगवल्या त्या शेकडा तीन-चार. (ही काही अदलाबदल नव्हती, ब्राझीलला बदल्यात काही मिळाले नाही, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.) अनेकांचे बी एका खोक्यात येणार असेल तर त्या खोक्याची मुदत त्यातल्या सर्वांत अल्पायुषी बियाची असते. सरासरी काढून इथे भागत नाही.

पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेला हे गणित उलट्या बाजूने सोडवावे लागले असणार. सरकारने १८२८ मध्ये उभारलेल्या या बागेची देखरेख १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे होती, आणि आणलेले बी, वाढवलेली रोपे इलाख्यात वाटणे हे तिच्या कामांपैकी एक होते. विलायती भाज्यांचे बी युरोपात पिकते उन्हाळ्याच्या अखेरीस. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार-सहा महिने लागत; तेव्हा ते बी मुंबईला उतरायचे ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. कोबी, गाजर, मटार इथे पेरायचे पावसाळा सरल्यावर. म्हणजे जहाजाची दमट कोठी सोसून आलेले बी आणखी एक उन्हाळा आणि आख्खा पावसाळा काढल्यावर मातीत जाणार. कांद्याचे बी दुसऱ्या वर्षी दगा देते हे आपल्याकडे कोणताही कांदा-उत्पादक सांगेल. मग असे शिळे बी किती उगवत असेल याचा अंदाज करावा. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, पुढे इजिप्तमार्गे डाक नियमित झाली आणि प्रवास महिन्या-दीड महिन्यावर आला. तेव्हा युरोपातले ताजे बी त्याच वर्षीच्या रब्बीला गाठू शकले. बी तेच होते, पाठवणारे हातही तेच. फरक पडला तो पोचण्याच्या महिन्याने, आणि म्हणून लागवडीच्या इतिहासात आगबोटीचे वेळापत्रक बागवानाच्या कसबाइतके महत्त्वाचे मानायला हवे असे मला वाटते.

तारीख चुकीच्या टोकाकडून मोजली की काय होते ते अमेरिकेच्या सरकारी बियाणे-वाटपात दिसते. पेटंट कमिशनर हेन्री एल्सवर्थ याने बी वाटायला सुरुवात केली होती. १८३९ मध्ये काँग्रेसने शेतीची आकडेवारी आणि बियाणे यांसाठी एक हजार डॉलर मंजूर केले. १८६२ मध्ये कृषी खाते निघाले आणि हे काम त्याच्याकडे गेले. नवे वाण शेतकऱ्यांनी लावून पाहावेत आणि निकाल कळवावेत, हा मूळ हेतू. पण टपाल फुकट आणि पाकिटावर खासदाराचे नाव, तेव्हा हळूहळू ती मतदारांना धाडायची भेट झाली, आणि मुळा-सलगमासारखे कुठेही मिळणारे बीसुद्धा पाकिटांतून जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या तोंडावर खर्चाच्या मंजुरीत चक्क तारखा घातल्या गेल्या: वाटप १० जानेवारीपर्यंत सुरू व्हावे, १६ मार्चपर्यंत संपावे. कायद्यात तारीख आली याचा अर्थ ती चुकत होती. पण ही एकच तारीख फ्लोरिडालाही होती आणि मिनेसोटालाही. फ्लोरिडाच्या दक्षिणेत भाजीपाला हिवाळ्यात होतो. तिथे मार्चात आलेले पाकीट निरुपयोगी. मिनेसोटात तेव्हा जमीन गोठलेली असते. तिथे पाकीट जानेवारीत आले काय आणि मार्चात आले काय, कोरड्या थंडीत बी उलट सुखातच राहते. लवकर आलेल्या पाकिटाने फारसे कोणाचे बिघडत नाही, उशिरा आलेल्याने मात्र हंगाम जातो. म्हणून तारीख सर्वांत आधी पेरणाऱ्याला धरून लावायची असते. बियाणे-व्यापाऱ्यांच्या संघटनेने फुकट वाटपाला सतत विरोध केला आणि १९२० च्या दशकात ते बंद पडले. बंद पडायला व्यापाऱ्यांचा दबाव कारण होता हे खरे. पण पाकिटाची वाट पाहणारा शेतकरी त्याच्या बचावाला फारसा धावला नाही.

याच्या उलट वनस्पती-उद्यानांची रीत. लंडनचे चेल्सी फिजिक गार्डन आणि हॉलंडमधले लायडन यांच्यात १६८३ मध्ये सुरू झालेली देवघेव पुढे युरोपभरच्या बागांची प्रथा झाली. या रीतीत आधी बी जात नाही, यादी जाते. शरदात गोळा केलेल्या बियांची लॅटिन नावांची, क्रमांक घातलेली यादी हिवाळ्यात छापून दुसऱ्या बागांना धाडायची, त्यांनी हव्या त्या क्रमांकांवर खूण करून अमुक दिवसाच्या आत परत पाठवायची, आणि मग चिमूट-चिमूट बी पाकिटांतून जायचे. ‘इंडेक्स सेमिनम’ या नावाने ही यादी आजही निघते. यात मोठा शहाणपणा आहे. मुदत बियावरून काढून कागदावर टाकली. कागद महिनाभर वाटेत पडला तरी मरत नाही. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधल्या अल्पाइन गार्डन सोसायटीसारख्या हौशी मंडळांनी त्यात आणखी एक टप्पा घातला: सभासदांचे बी शरदात एका ठिकाणी जमा करायचे, ते स्वयंसेवकांनी निवडून-पाखडून छोट्या पुड्यांत भरायचे, मग यादी, मग मागणी, मग वाटप. ज्यांनी बी दिले त्यांचा नंबर आधी. पुड्या बांधायचे हे मधले दिवसच बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. त्याच्या हिशेबी टपाल चार दिवसांचे. मग शेवटची तारीख पेरणीच्या इतक्या आधी कशाला? पन्नास जणांचे बी पन्नास जणांत वाटायचे तर अडीच हजार पुड्या होतात, आणि त्या कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर बांधल्या जातात. ‘टपालात टाकल्याची तारीख’ आणि ‘पोचल्याची तारीख’ यांतला फरकही इथेच बोचतो. अर्ज-परीक्षांना टपालाचा शिक्का चालेल. वाटणी मात्र सगळे बी समोर असल्याखेरीज सुरूच होत नाही, आणि एकाच्या उशिरासाठी थांबायचे तर बाकीचे एकोणपन्नास थांबतात.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. बहुतेक भाज्यांचे, धान्यांचे बी दोन-तीन वर्षे सहज टिकते. मग उशिरा आलेले पुढच्या वर्षी वाटले तर काय बिघडले? शिवाय कडक मुदतीत मागे राहतात ते उशिरा पिकणाऱ्या जातींचे आणि डोंगराळ, थंड मुलखातले लोक, म्हणजे ज्यांच्याकडे दुर्मीळ वाण असण्याचा संभव अधिक असेच. हे नाकारता येत नाही. १९७५ मध्ये मिसूरीत केंट आणि डायेन व्हीली यांनी सुरू केलेल्या जाळ्याकडे, पुढे जे सीड सेव्हर्स एक्स्चेंज म्हणून ओळखले गेले, मी याचे उत्तर म्हणून पाहतो. डायेनच्या आजोबांनी दिलेले एका टोमॅटोचे आणि जांभळ्या फुलांच्या एका वेलीचे बी, एवढ्यावर त्याची सुरुवात झाली. त्यांनी मधला ढीगच काढून टाकला. वर्षातून एकदा कोणाकडे काय आहे याची यादी छापायची. पुढचे पत्र आणि पाकीट माणसा-माणसांत. उशिरा पिकणाऱ्या वाणाचा मालक आपल्या सवडीने पाठवू शकतो, घेणारा आपल्या हंगामाप्रमाणे मागू शकतो. पण छापील यादीत नाव येण्याची तारीख तिथेही होती, आणि ती चुकली तर वर्षभर तो वाण कोणाला दिसतच नसे. मुदत संपत नाही, ती बियावरून माहितीवर सरकते. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांच्या बियाणे-बँकेत नेलेले बी पिकल्यावर दुपटीने परत करायचे असते. तिथे तारीख पुन्हा खळ्यावरच येऊन बसते, कारण देणारा-घेणारा एकाच पावसात भिजतात. एकाच पावसातल्या लोकांना ढिलाई परवडते. वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या लोकांना नाही.

टपाल आता वेगवान आहे, तेव्हा हा सारा हिशेब जुना झाला, असेही म्हणता येईल. प्रत्यक्षात वेगवान टपालाने वाचवलेले आठवडे तपासणीच्या टेबलाने परत घेतले. रोग-किडींच्या भीतीने देशोदेशी आयात बियाण्यांवर नियम आले. आईने कागदात बांधून दिलेले वालाचे बी न्यू जर्सीच्या परसात लावायचे, तर ते साध्या टपालात टाकून चालत नाही. अमेरिकेत थोड्या बियाण्यासाठी परवाना मिळतो: एका पुडीत जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, एका पार्सलात ५० पुड्या. परवान्याबरोबर हिरवी-पिवळी लेबले येतात. ती आधी इकडे पाठवावी लागतात आणि पार्सलावर चिकटवून परत जातात. त्या लेबलावर बागवानाचा पत्ता नसतो, तपासणी-केंद्राचा असतो. तिथून बी सुटले की मगच ते घरी येते. तेव्हा वालाची पेरणी मेअखेर धरली, तर मोजायला सुरुवात हिवाळ्यात करावी लागते.