शिवणयंत्र घरात आले त्याची हकीकत

आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात आता विजेची यंत्रे आहेत, पण कोपऱ्यात पायाने चालवायचे एक जुने यंत्रही आहे. नव्या मुली त्यावर बसायला नाखूष असतात. म्हणून स्मरणिकेसाठी काही लिहा असे सांगण्यात आले तेव्हा ह्या यंत्राचीच हकीकत लिहावी असे वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्यात उणे-अधिक असेल ते भगिनींनी सांभाळून घ्यावे.

शिवणयंत्राची पहिली खटपट शिंप्यांनाच आवडली नव्हती. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली यंत्राचे पेटंट घेतले व सैनिकांचे कपडे शिवायला सुरुवात केली. आपले पोट जाणार ह्या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. पुढे १८४६ साली अमेरिकेत इलायस हौ ह्यांनी पेटंट घेतले. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते. त्यांनी ते पुढे, अणीजवळ आणले. सुई कापडातून खाली गेली की दोऱ्याचा छोटा फास होतो, त्यातून खालचा दोरा ओवला जातो व टाका दोन्ही बाजूंनी बसतो. आपल्या घरच्या यंत्रातही टाका असाच पडतो. आयझॅक सिंगर ह्यांचे पेटंट १८५१ चे. हौ ह्यांनी त्यांच्यावर दावा लावला व तो जिंकलाही, पण नाव घरोघर झाले ते सिंगरचे. त्याला कारण हप्ते! यंत्र महाग म्हणून कंपनीने १८५६ पासून ते हप्त्याने द्यायला सुरुवात केली.

महात्मा गांधी यंत्रांच्या विरुद्ध बोलत, पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या यंत्राला त्यातून वगळले. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते केले, असे ते म्हणाले होते. सिंगर ह्यांनी एकाहून अधिक संसार मांडले होते, तेव्हा एवढे पत्नीप्रेम मला काही पटत नाही. पण बायकांचे कष्ट वाचले हे खरे.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरची यंत्रे शहरांतून दिसू लागली. देशी यंत्रांत ‘उषा’ हे नाव सर्वांच्या ओळखीचे. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३५-३६ च्या सुमारास ती काढली. परंतु यंत्र घेणे निराळे आणि विद्या मिळणे निराळे. रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले, तेथे शिवणही शिकवीत. विधवा व गरजू बायकांना चार पैसे स्वतःचे मिळावेत हा त्यातला हेतू. खेड्यापाड्यांतल्या बायकांना मात्र असे वर्ग कोठून मिळणार?

माझी आत्या अशीच. ऐन तरुणपणी वैधव्य आले, पदरी दोन मुले. माहेरी परत आली ती बांगड्या मोडून घेतलेले जुने यंत्र बैलगाडीत घालून. टीप मारता येत होती, बेतता येत नव्हते. गावच्या टेलरकडे विचारायला गेली तर ‘बायकांनी फाटके शिवावे, कात्री आमच्याकडे राहू द्या’ असे उत्तर मिळाले. तिने आपलेच एक चांगले बसणारे पोलके उसवले. गळा, मुंढा, बाही, पाठ असे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने आखले. शिवणीत दाबायला किती कापड सोडायचे तेही जुन्या शिवणीवरूनच मोजले. दोन वर्षांत निम्म्या गावाची पोलकी तिच्याकडे येऊ लागली. खणाची चोळी असो की बाळंतविड्याची कुंची, कापड वाया गेल्याची तक्रार नसे.

१९९३ साली माझी सातवी झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावी, आणि एकट्या मुलीला तिकडे पाठवायचे नाही असे घरात ठरले. मी आठ दिवस कोणाशी बोलले नाही. आत्याने समजूत काढली नाही. हाक मारून यंत्रापुढे बसवले. सुईत दोरा न ओवता माझ्याच चाररेघी वहीचे पान दाबपायाखाली ठेवले व म्हणाली, “रेघ सोडायची नाही.” पायडल चुकीच्या तालावर दाबले की चाक उलटे फिरते, म्हणून आधी हाताने चाक आपल्याकडे वळवायचे आणि मग पायांनी ती गती उचलायची. पंधरा दिवस मी वह्यांना भोके पाडली. सरळ रेघ, मग नागमोडी, मग वाटी ठेवून काढलेले गोल. त्यानंतर दोरा, आणि कात्री सर्वांत शेवटी. पहिल्या झबल्याची शिलाई पाच रुपये आली. ते तिने घरखर्चात घेतले नाहीत, माझ्या नावाने हिशेबाच्या वहीत लिहिले. शाळेची भरपाई त्याने झाली असे मी म्हणणार नाही. पण लग्नानंतर ह्यांचे काम सुटले त्या वर्षी मुलांची फी मी त्याच विद्येवर भरली, आणि भारनियमनात विजेची यंत्रे बंद पडत तेव्हा माझे पायाचे यंत्र चालू असे.

हल्ली सरकारी योजनांतून बायकांना शिवणयंत्रे मिळतात. चांगलेच आहे. पण बेतणे शिकवलेले नसले की फॉल लावणे व उसवलेले शिवणे एवढेच पदरी पडते, आणि त्यात मिळकत थोडी. म्हणून आपल्या वर्गात पहिला महिना खाकी कागद, मोजपट्टी आणि कात्री. मुली कुरकुरतात, कुरकुरू देत.

ज्या भगिनींच्या माळ्यावर पायाचे यंत्र पडून असेल त्यांनी भंगारात घालण्यापूर्वी वर्गात कळवावे. तेल आणि नवी वादी एवढ्यावर बरीच यंत्रे चालू होतात.