शीड उतरवणाऱ्यांचं कुळ

मढहून मार्वेला आलं की नौदलाचा ‘हमला’ तळ लागतो. तिथून जाताना मला दर वेळी १९४६च्या नौदल उठावाचं कोडं आठवतं. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेत निकृष्ट जेवणावरून ठिणगी पडली आणि पुढे ७८ जहाजं, वीसेक हजार नौसैनिक त्यात आले, हे सर्वश्रुतच आहे. कोडं आहे त्यांच्या समितीचं. तिचं नाव ‘नौदल केंद्रीय संप समिती’, अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. गणवेशातला माणूस बंड करतो, संप कसला?

उत्तर मला सापडलं थेम्स नदीत. १७६८च्या मे महिन्यात लंडनच्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनी पगारासाठी शिडंच खाली घेतली. शीड उतरवण्याला त्यांच्या बोलीत ‘स्ट्राइक’ म्हणत. कामबंदीला ते नाव तिथूनच पडलं. कुणी त्याचं मूळ अवजारं खाली ठेवण्यात शोधतात. मला ते पटत नाही. एकानं टाकलेला हातोडा दुसरा उचलतो, पण शीड उतरलं की मालकाचा भरलेला मालच नदीत अडकतो. संपाचा जोर आहे तो यातच.

१७९७मध्ये इंग्लंडच्या स्पिटहेडला ही रीत युद्धनौकांवर चढली. प्रत्येक जहाजाचे दोन प्रतिनिधी, अदबीनं लिहिलेल्या मागण्या आणि त्यांत शिधा पुऱ्या वजनाचा मिळावा, हीही एक. मुंबईच्या समितीचा चेहरामोहरा थेट हाच.

डावे मित्र इथे १९०५चं रशियन युद्धनौका ‘पोटेमकिन’वरचं बंड पुढे करतात. सडक्या मांसाचं साम्य आहे खरं, पण तिथे अधिकाऱ्यांचे मुडदे पहिल्याच दिवशी पडले. मुंबईत आधी समिती, मग मागण्या. गांधीवाद्यांना ‘तलवार’वरच्या अन्नत्यागात सत्याग्रह दिसतो; खुद्द गांधीजींना मात्र हा उठाव रुचला नव्हता. माझा कयास असा, की इंग्रजांनी हिंदी आरमाराला हुद्दे आणि कवायत दिली, तसा आपल्या खलाशांचा हा वारसाही नकळत दिला. इन्व्हरगॉर्डनला ब्रिटिश नौसैनिकांनी पगारकपातीविरुद्ध जहाजं हलू दिली नाहीत, त्याला तेव्हा पंधराच वर्षं झाली होती, आणि महायुद्धात दोन्ही आरमारं खांद्याला खांदा लावून लढली होती. दुवा जुळायला एवढं पुरे.

वाफेच्या जहाजाला शीड कुठलं? मुंबईत शिडाऐवजी ब्रिटिश निशाण उतरलं. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र चढले. आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका ही मागणी शिध्याशेजारी बसली. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या. खलाशांची युक्ती गिरणगावात केव्हाच मुरली होती, आता ती खलाशांच्याच मदतीला आली. परळला गोळीबारात कमल दोंदे मारल्या गेल्या. वल्लभभाईंच्या सल्ल्यानं २३ला शरणागती झाली.

सरकारनं मात्र ‘बंड’ हाच शब्द धरला. संप मानला तर मागण्या ऐकाव्या लागतात. बंडाला शिक्षा पुरते. शेकडोंना बडतर्फ केलं. स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलानं त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.